काकू, तुमच्यामुळे झोपायला लागलो

प्रिय काकू,

तुम्ही डोंबिवलीला लेकीकडे राहायला गेलात आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर म्हटलं की तुम्ही लगेच "चल रे, आभार कसले" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

गेल्या वर्षी गणपतीनंतर कानात जी शिट्टी सुरू झाली ती काही थांबेचना. आठ वर्षं पथकात ढोल वाजवला पण कानात साधा कापूससुद्धा कधी घातला नाही. दिवसा ऑफिसात, लोकलच्या गर्दीत काही वाटायचं नाही पण रात्री चाळ शांत झाली की कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज, पहाटे तीन-चारपर्यंत डोळा लागायचा नाही. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत "याला औषध नाही, सवय करून घ्या" म्हणून बाहेर काढलं, त्या दिवशी घरी येताना मला रडू यायचं बाकी होतं.

आणि ती रात्र. आई वाटीत लसणीचं तेल कोमट करून घेऊन आलेली, लसूण पार काळी पडलेली, मी उशीवर कान वर करून आडवा. तुम्ही दारातूनच ओरडलात, "अगं थांब, पडद्याला भोक असलं तर?" तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईचा आवाज तो, आईने वाटी तिथेच खाली ठेवली. मग तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "आवाज घालवायचा नाद सोड, आधी झोप आणू." मला तेव्हा कुणी असं सांगितलंच नव्हतं हो.

दुसऱ्याच आठवड्यात वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करायला लावलीत. बारीक, उंच आवाज कमी ऐकू येतात असं निघालं. तुम्ही समजावलंत की कानाकडून कमी येतंय म्हणून मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो आणि त्यातूनच ही शिट्टी येते, शांततेत ती आणखी टोचते. म्हणून टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावायचा, पण शिट्टी पूर्ण बुडेल एवढा नाही, दोन्ही ऐकू येतील इतपतच. मला तेव्हा आठवलं की जुलैत पत्र्यावर पाऊस वाजायचा तेव्हा मी कसा गाढ झोपायचो! आणि मी रात्री इअरप्लग घालून झोपत होतो, उलटंच सगळं. ते प्लग आता फक्त पथकात.

मग खाणंपिणं. संध्याकाळी सहाचा कटिंग बंद, दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास जातात. पहिले चार दिवस डोकं फार दुखलं पण मग उतरलं. रात्री साडेदहाचं जेवण साडेआठवर आणलं, मुगाची खिचडी नाहीतर भाकरी-भाजी, तळकट नाही, कारण आडवं झाल्यावर ॲसिडिटी वर आली की झोप मोडते आणि झोप मोडली की शिट्टी आहेच. झोपताना कोमट दूध, त्यात तुमच्याच सहाणेवर उगाळलेल्या जायफळाचे दोन वेढे. आई चार घालायला निघाली तर तुम्ही हात धरलात, जास्त झालं की मळमळतं, छातीत धडधडतं, दुसऱ्या दिवशी गुंगी. आणि खरं तेच सांगितलंत की यानं शिट्टी कमी होणार नाही, रोज त्याच वेळेला घेतलं की झोपायची वेळ झाली एवढं अंगाला कळेल. मी १८०० रुपयांच्या जिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या गोळ्या आणलेल्या, त्याही तुम्ही बाजूला ठेवल्यात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या २०१४ च्या गाइडलाइनमध्येसुद्धा टिनिटससाठी, म्हणजे कानातल्या अशा शिट्टीसाठी, जिंको, मेलाटोनिन, झिंक देऊ नका असंच आहे.

सगळ्यात कठीण होतं ते अंथरुणात तळमळत न पडणं. वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून गॅलरीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि रात्र कशीही जावो सकाळी सहाला उठायचंच. पहिल्या आठवड्यात तुम्ही पण गॅलरीत येऊन बसायचात, शाल घेऊन, काही न बोलता. ते मी जन्मात विसरणार नाही काकू.

शिट्टी आहे अजून, आता लिहितानाही आहे, पण बहुतेक रात्री अकराच्या आत झोपतो. पथकातल्या दोन पोरांनाही तुमचं सगळं सांगितलंय, आणि हेही की एकाच कानात वाजत असेल, नाडीच्या ठोक्यासारखं धडधडत असेल किंवा अचानक ऐकू यायचं कमी झालं तर दूध-जायफळ करत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा.

तुमची सहाण आमच्याकडेच राहिलीय. आई म्हणते रविवारी देऊन ये, सोबत भाजणीचा डबा पण देतेय. दुपारच्या जेवणाला येतो, दोनच्या आत चहा पण होईल.

तुमचाच,
वरच्या मजल्यावरचा