बाटली शंभरची, सिरिंज चाळीसची

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

औषधं देताना चुका टाळण्याचं तुमचं ट्रेनिंग ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली होती. नाइट संपवून परत खुर्चीत कोण बसणार? योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, हे सगळं तर जीएनएमच्या नर्सिंग कोर्सपासून पाठ. पण तुम्ही आधी स्वतःचीच गोष्ट काढलीत. नवीन असताना एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं, ती. मग आमच्यातल्या एकेक बोलू लागल्या. आमच्याकडे चूक म्हणजे मेमो, त्यामुळे तोवर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"तुम्ही सिद्धाराम ना?" असं विचारू नका म्हणालात. सोलापुरात हे किती खरं! एका वॉर्डात दोन सिद्धाराम नि एक सिद्धेश्वर, हे नेहमीचंच. त्यात अक्कलकोटकडची आजी कन्नड बोलणार, पूर्व भागातले काका तेलुगू, आणि मराठीत काहीही विचारा, दोघंही मान डोलावणार. आता मी "निम्म हेसरु एनु?" विचारते, नाव त्यांच्याच तोंडून घेते आणि हातावरच्या पट्टीचा नंबर केस पेपरशी जुळवते. (माझं कन्नड ऐकून आज्या हसतात, तो भाग वेगळा.)

पण हे पत्र खरं तर इन्सुलिनसाठी आहे. गेल्या आठवड्यात नाइटला एका पेशंटची घरून आणलेली ग्लार्जिन इन्सुलिनची बाटली होती, डोस 20 युनिट. आमच्या वॉर्डात रोजची बाटली एमएलला 40 युनिटची, सिरिंज लाल टोपणाची. हात सवयीने तिकडेच गेला. वीसच्या रेघेपर्यंत भरलं. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे "वीस आहे ना?" न म्हणता शीट, बाटली आणि सिरिंज दुसऱ्या सिस्टरपुढे नुसती ठेवली. तिने बाटली फिरवून वाचली. एमएलला 100! म्हणजे माझ्या हातात अर्धा एमएल होतं, 20 नव्हे, 50 युनिट. पहाटेपर्यंत साखर कुठे गेली असती? मी ट्रॉलीला धरून उभी राहिले.

सकाळी ते वहीत मीच लिहिलं, नावासकट. मेमो आला नाही. नारिंगी टोपणाच्या, शंभरच्या सिरिंज मात्र आल्या आणि वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या गेल्या.

ते इन्सुलिनवाले काका डिस्चार्ज घेऊन मोहोळला गेले. जाताना शेंगाचटणीचा पुडा देऊन गेले. अर्धा तुमच्यासाठी ठेवलाय, लवकर या.

आपली,
नाइटवाली सिस्टर, सोलापूर