गुडइनफ सरांचं वय नको, त्यांची नोकरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जॉन गुडइनफ यांच्यावरचा छोटा लेख वाचला, 97 व्या वर्षी लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल, वय हा फक्त आकडा वगैरे. लेख छान होता, आमच्या फॅमिली ग्रुपवर दोघातिघांनी फॉरवर्ड पण केला. पण या माणसाच्या करिअरमधली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यात जवळजवळ आलीच नाही म्हणून लिहितेय. मी फिजिक्स शिकवते, एमएस्सीचा मटेरियल सायन्सचा पेपर माझ्याकडे असतो, त्यामुळे गुडइनफ सर दरवर्षी माझ्या वर्गात येतातच.

त्यांनी येलमधून डिग्री घेतली ती गणिताची. मग दुसरं महायुद्ध, त्यात अमेरिकन सैन्यासाठी हवामानाचे अंदाज द्यायचं काम. युद्ध संपल्यावर शिकागोला फिजिक्स शिकायला गेले तर नाव नोंदवून घेणारे प्रोफेसर म्हणाले की अरे फिजिक्समध्ये ज्यांनी काही भारी केलंय त्यांचं तुझ्या वयापर्यंत करून झालेलं असतं. तेव्हा यांची पंचविशी सुद्धा झाली नव्हती! तरी थांबले, 1952 ला पीएचडी झाले आणि एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये लागले. तिथे 24 वर्षं.

ही 24 वर्षं लेखात एका ओळीत उरकलीत, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. त्या लॅबमध्ये कॉम्प्युटरच्या मेमरीसाठी फेराइटच्या, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या, बारीक चुंबकी रिंगांवर काम चाललेलं, त्यातून सर लोखंड, कोबाल्ट, मँगनीज असल्या धातूंच्या ऑक्साइडमध्ये शिरले आणि तिथेच रमले. कुठल्या अणूचे इलेक्ट्रॉन कुठे बसतात, शेजारच्या अणूशी त्यांचं कसं जमतं, चुंबकत्व येतं कुठून. हेच सांगणारे गुडइनफ-कानामोरी नियम आम्ही आजही शिकवतो ते याच काळातले. बॅटरीचा विषयच नव्हता. मग सत्तरच्या दशकात कायदा आला की संरक्षण खात्याचा पैसा लष्करी उपयोगाच्या कामालाच वापरायचा, म्हणजे यांचं मूलभूत काम अडचणीत, त्यात तेलाचा भडका उडालेला, म्हणून सर एनर्जीच्या संशोधनाकडे वळले.

1976 ला ऑक्सफर्डने त्यांना बोलावून थेट इनऑर्गॅनिक केमिस्ट्री लॅबचं प्रमुख केलं, वय 54, मुळात फिजिक्सचा माणूस. आपल्याकडे असा अर्ज 'विषय वेगळा' म्हणून छाननीतच बाद होतो. तेव्हा व्हिटिंगहॅम या दुसऱ्या शास्त्रज्ञाची लिथियमची बॅटरी होती पण ती टायटॅनियम सल्फाइडची, व्होल्टेज दोन-अडीच व्होल्टच्या आसपास आणि लिथियम धातूमुळे पेट घ्यायची भीती. गुडइनफ म्हणाले सल्फाइडच्या जागी ऑक्साइड घेतलं तर व्होल्टेज वाढेल. हे त्यांना सुचलं कारण ऑक्साइड त्यांच्या डोक्यात 24 वर्षं मुरलेले होते. 1980 मध्ये मिझुशिमा, जोन्स आणि वाइजमन यांच्यासोबत लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा पेपर आला, वहीच्या पानांसारखे थर आणि त्या थरांमधून लिथियमचे आयन आतबाहेर करणार, व्होल्टेज 4. पुढे जपानच्या योशिनोंनी दुसऱ्या बाजूला लिथियम धातूऐवजी कार्बन वापरला आणि 1991 ला सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. ऑक्सफर्डला पेटंटमध्ये रस नव्हता, हक्क एका सरकारी लॅबकडे गेले आणि सरांना रॉयल्टी काहीच मिळाली नाही. हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

नंतर ऑक्सफर्डमध्ये सक्तीची निवृत्ती जवळ आली म्हणून 1986 मध्ये 64 व्या वर्षी ते टेक्सासला ऑस्टिनला गेले. तिथून 1997 मध्ये पाढी आणि नंजुंडस्वामी यांच्यासोबत लिथियम आयर्न फॉस्फेटचा पेपर. कोबाल्ट महाग, लोखंड स्वस्त, आणि फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून बसतो त्यामुळे आगीचा धोका कमी. आज किती ई-रिक्षा आणि बस याच बॅटरीवर पळतायत! 2017 चा त्यांचा काचेच्या इलेक्ट्रोलाइटचा (बॅटरीत ज्यातून आयन जातात तो भाग) दावा मात्र बऱ्याच तज्ज्ञांना पटला नाही, तेही मी मुलांना सांगते. पण नव्वदी ओलांडलेल्या माणसाला लॅब होती, सोबत काम करणारी माणसं होती आणि चुकायची मुभा होती. 2019 ला स्टॉकहोममध्ये त्यांचं नोबेलचं व्याख्यान दिलं अरुमुगम मंथिराम यांनी, तमिळनाडूच्या एका खेड्यातून आलेले, आयआयटी मद्रासचे पीएचडी, ऑक्सफर्डला पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी गेले आणि सरांबरोबरच ऑस्टिनला आले ते आज तिथेच प्रोफेसर आहेत. 2023 च्या जूनमध्ये सर गेले, 101 ला महिना कमी.

आता माझं सांगते. मी सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेय, पीएचडी झालेय आणि 9 वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. जितके तास तितके पैसे, दिवाळीत आणि उन्हाळ्यात काही नाही, जूनमध्ये परत मुलाखत, परत तीच फाइल. ज्या कॉलेजात आधी होते तिथे फेराइटचे सॅम्पल बनवायला फर्नेस मिळाली होती, काम जरा कुठे जमायला लागलं तर पुढच्या वर्षी नेमणुकीची ऑर्डरच निघाली नाही, सॅम्पल तिथल्या कपाटातच राहिले. मी गुडइनफ नाही हे मला माहितीय. पण एकच मटेरियल चार वर्षं सलग बघायला मिळालं तर त्यात काहीतरी दिसायला लागतं, हे मी स्वतः अनुभवलंय, आणि माझ्यासारखे नेट-सेट झालेले कितीतरी जण दर जूनला शून्यावर येतात.

म्हणून 97 च्या आकड्याचं कौतुक वाचून बरं वाटत नाही. त्यांना पहिली 24 वर्षं एकाच जागी बसून ऑक्साइड समजून घेता आले त्याबद्दल लिहा ना. आणि पुढच्या पुरवणीत जागा असेल तर मंथिराम सरांवर लेख छापा, माझ्या वर्गातली मुलं तो नक्की वाचतील.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक प्राध्यापिका,
सोलापूर जिल्हा