आजी, गवती चहाची कृती द्यायची राहून गेली

ती. आजी-आजोबा,
शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांना पत्र लिहायचं तर सुरुवात अशीच करतात. तुम्हाला मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे. पण इंग्रजीत लिहायला बसले की दर वेळी 'थँक यू सो मच'पाशी माझी गाडी अडते आणि मी मोबाइल खाली ठेवते. म्हणून हे माझ्या भाषेत लिहिते आहे, चारचौघांसमोर. तुमची मोठी नात कुणाकडून तरी वाचून घेईलच.

२०१८चा ऑक्टोबर. आम्हाला घानात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. हे सकाळी सहाला टेम्याच्या कारखान्यात जायचे ते रात्री आठला यायचे. लेक चार वर्षांची. आक्र्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर दिवसभर मी, ती आणि छताचा पंखा, आणि वीज गेली की पंखाही नाही. इथे वीज जाण्या-येण्याला 'दमसोर' म्हणतात. विझणं आणि पेटणं, असा त्याचा अर्थ आहे हे मला तुमच्याकडूनच कळलं.

समोरच्या दाराशी एके दिवशी दोन सुटकेसा दिसल्या. मग तुम्ही दिसलात. सत्तरीचे आजोबा पांढऱ्या शर्टात आणि टायमध्ये, तुम्ही फुलाफुलांच्या लांब झग्यात, दोघांच्या छातीवर काळी नावाची पट्टी. लोक 'मॉर्मन' म्हणतात ते तुमचं चर्च. तुम्हाला मात्र येशू ख्रिस्ताचं नाव असलेलं ते लांबलचक नावच प्रिय. पट्टी वाचून माझ्या पोटात गोळा आला होता, हे आज सांगून टाकते. रात्री कऱ्हाडला फोन केला तर सासरे म्हणाले, "मिशनरी आहेत, जरा जपून." सासूबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "अगं, तुझा नवरा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातच जन्मला. अडला होता. त्या माणसांनी सोडवलं. घाबरू नकोस, चहाला बोलाव."

म्हणून चहाला बोलावलं. आलं ठेचून, वेलची घालून, नव्या कपांतून चहा आणला आणि आजी, तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, आम्ही चहा घेत नाही, कॉफीही नाही. आमच्या घरातून पाहुणा चहा न घेता उठला की चुटपुट लागते. मला रात्रभर लागली. आठवड्याने वॉचमनच्या खोलीमागे गवती चहाचा ठोंब दिसला. पाती खुडली, आल्याबरोबर उकळली, दूध-साखर घातली आणि ट्रे घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. "यात चहाची पत्ती नाही, हे गवत आहे." आजोबांनी एक पात चुरून वास घेतला आणि मला काही न विचारता जिना उतरून ठोंब बघायला गेले. आयडाहोत उभा जन्म बटाट्याच्या शेतीत गेलेला माणूस, त्यांना आधी मूळ बघायचं होतं. वर आले ते दोन कप प्यायले. त्यानंतर दर गुरुवारी चार वाजता आपला गवती चहा ठरलेला.

तुम्ही मला काय दिलंत हे सांगायचं तर तुमचा दिवस सांगायला हवा. तुमची आमची भिंत एक होती. सकाळी साडेपाचला कुलूप उघडल्याचा आवाज यायचा. ऊन चढायच्या आत तुम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत फिरून यायचात. सहाच्या पुढे भिंतीपलीकडून भजनासारखं गाणं यायचं, आजोबांचा खालचा सूर आणि त्यावर तुमचा बारीक. मग वाचन, एक ओळ त्यांनी, एक तुम्ही. सातला ओट्सच्या भांड्यात चमचा. आठला खाली पिकअपचं इंजिन. लेकीला दूध द्यायची वेळ मी गाण्यावरून ओळखायची आणि आंघोळीची पिकअपवरून. परक्या देशात दिवस नुसता पसरतो हो. माझ्या पसरलेल्या दिवसाला तुम्ही कडी-कोयंडा बसवलात.

दिवसभर तुम्ही काय करता याबद्दल मला वाटायचं की धर्माचं काहीतरी सांगत हिंडत असाल. एकदा आजोबांनी मला आणि लेकीला बरोबर नेलं तेव्हा कळलं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं घर सोडून दोन-दोन वर्षं धर्मकार्याला आलेली, कुणी केनियाचं, कुणी अमेरिकेचं, कुणी इथल्याच कुमासीचं. मिसरूड फुटतंय तोवरच त्यांना 'एल्डर' म्हणायचं, म्हणजे वडीलधारा. त्यांच्या खोल्या तुमच्या जिम्म्याला. छपरावरची काळी पॉलिटँक गळते का, मच्छरदाणीला भोक आहे का, पाण्याचा फिल्टर शेवटचा कधी बदलला, गॅस संपलाय का, मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या रोज घेता का. आजोबा गुडघ्यावर बसून नळाला टेप गुंडाळत होते आणि तुम्ही एका मुलाच्या शर्टाचं बटण लावत होता. त्याच्या आईचा फोन येऊन गेला का, हेही विचारत होता. प्रवचन असं काहीच नव्हतं. आणि हे सगळं स्वतःच्या पेन्शनीतून. घरभाडं तुमचं, खाणं तुमचं. अठरा महिन्यांचा खर्च बाजूला काढून तुम्ही आला होता. हे ऐकून आमचे हे कितीतरी वेळ गप्प बसले होते.

एकदा वीज गेलेली असताना गॅलरीत आजोबांनी मला १९७८ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या जूनपर्यंत तुमच्या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना पुरोहितपद मिळत नव्हतं. "का?" असं मी सरळ विचारलं, आणि त्यांनीही आडवळण न घेता ते सांगितलं, सारवासारव केली नाही. आणि तरीही इथल्या केप कोस्टला जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे घानाचे गृहस्थ १९६४पासून स्वतःच मंडळी जमवून शिकवत होते, अमेरिकेला पत्रामागून पत्रं लिहीत होते, माणसं पाठवा म्हणून. बंदी उठली आणि त्याच वर्षअखेरीला पश्चिम आफ्रिकेत जी पहिली माणसं आली ती तरुण नव्हती. मेबी आणि कॅनन अशी दोन पोक्त जोडपी होती. डिसेंबरात केप कोस्टला त्यांच्या हातून शंभरावर लोकांचा बाप्तिस्मा झाला. चौदा वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाच्या दारात शेवटी दोन जोडपी येऊन उभी राहतात, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. पुढे १९८९च्या जूनमध्ये इथल्या सरकारने चर्चवरच बंदी घातली, ती उठायला १९९०चा नोव्हेंबर उजाडला. त्या काळात लोक घराघरांत बसून प्रार्थना करत होते. आज इंडिपेंडन्स अव्हेन्यूवर २००४ सालचं तुमचं पांढरंशुभ्र मंदिर आहे. त्याच्यासमोरून टॅक्सीने जाताना मला गॅलरीतला तो अंधार आठवतो.

तुम्ही मला एकदा पुस्तक दिलंत, "वाचावंसं वाटलं तर." मी ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. फळीकडे बघितलंदेखील नाहीत.

आता २०१९चा जून. हे कामासाठी ताकोराडीला गेले होते, चार-पाच तासांचा रस्ता. मला थंडी वाजून ताप भरला. ज्या दवाखान्यात गेले तिथे रक्त न तपासताच तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फरशीवर पडलेली होते आणि लेक तुमचं दार वाजवत होती. तेवढं तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजोबांनी माझा चेहरा बघितला आणि गाडीची किल्ली घेतली. त्या मुलांच्या खोल्यांमधून असे ताप त्यांनी पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्या ठिकाणी बोटातून थेंबभर रक्त घेतलं, मलेरिया निघाला. घरी येऊन पहिल्या चार गोळ्या घेतल्या तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

त्या गोळ्यांचं गणित असतं. दुसरा डोस बरोबर आठ तासांनी, मग दिवसातून दोनदा, तीन दिवसांत सहा डोस, आणि पोटात काहीतरी तुपातेलाचं असल्याशिवाय त्या अंगी लागत नाहीत. मला हे वाचायचंही भान नव्हतं. आजी, तुमच्या स्वयंपाकघरात अंडी उकडायला वापरायचा तो पिवळा टायमर तुम्ही आणून माझ्या उशाशी ठेवलात, आणि लेकीला तुमच्या पलंगावर झोपवलंत. रात्री दोन वाजता डोळे उघडले तर तुम्ही कॉटच्या कडेला बसला होता. केस मोकळे, अंगावर गाउन, छातीवर पट्टी नाही. तुम्हाला तसं मी पहिल्यांदाच बघत होते. ताटलीत पावाच्या चार पट्ट्या, त्यांवर इथल्या बाजारातलं शेंगदाण्याचं घट्ट लोणी. मला गिळवेना. तुम्ही एक पट्टी उचलून स्वतः चावलीत आणि दुसरी माझ्या तोंडाशी धरलीत. मी एक घास घेतला की तुम्ही एक. अशा दोन पट्ट्या संपवल्या, मग गोळ्या. मग ओल्या कपड्याने माझे तळपाय पुसलेत. माझी आई पुसायची तसे, टाचेकडून वर. मी तापात मराठीतच काहीबाही बोलत होते आणि तुम्ही "येस, येस" म्हणत होता.

हे पहाटे पोचले तेव्हा तुम्ही उठून, ताटली धुऊन, साडेपाचला फिरायला निघून गेला होता.

त्यानंतर रोज सकाळी आठला, पिकअप सुरू करायच्या आधी, तुम्ही आमच्या दारावर दोन टकटका मारायला लागलात. आत येत नव्हता. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं की पावलं जिन्यावरून खाली जायची. ताप गेला तरी टकटक राहिली, मार्चपर्यंत. आजी-आजोबा, मला आभार मानायचे आहेत ते त्या रात्रीचे आहेतच. पण त्याहून जास्त या टकटकीचे आहेत. घरात एकट्या असलेल्या बाईला सकाळी आठला कुणीतरी आपली खबर घेऊन जातं, म्हणजे काय असतं, हे ती बाईच जाणे.

त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला, सोमवारी बसले. सोमवारची संध्याकाळ तुमची घरच्यांबरोबर बसायची, तरी तुम्ही आलात. चपला बाहेर काढून भिंतीशी उभे राहिलात. आमच्या चार मराठी घरांची आरती अर्ध्यात आली तेव्हा आजींची बोटं मांडीवर ठेका धरत होती. पुढच्या शनिवारी तुमच्या खोलीत मुलांचा कीबोर्डचा वर्ग होता. आमची लेक तिथे मागे बसायची. तुम्ही मला हाक मारलीत आणि आरतीची चाल एका हाताने वाजवून दाखवलीत, एक सूर चुकला का म्हणून विचारत. चुकला नव्हता.

तुमच्या बहिणीच्या अंत्यसंस्काराला तुम्ही गेला नाहीत. फोनच्या पडद्यावर बघितलात. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि वर्ग झाला. मी खिचडी पाठवली, एवढंच मला सुचलं.

मग २०२०चा मार्च. साथ आली. साठी ओलांडलेल्या तुम्हा सगळ्यांना परत बोलावलं गेलं, आणि २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून घानाच्या सीमा बंद होणार असं जाहीर झालं. तुमचा एक महिना बाकी होता. पाडवा बुधवारी होता आणि मी तुम्हाला पुरणपोळीचं कबूल केलं होतं, डाळही आणून ठेवली होती. शनिवारी रात्री तुम्ही दारात उभे होता, दोन सुटकेसा, तोंडाला रुमाल. जवळ येऊ नका, असं आजोबांनी हातानेच सांगितलं. त्यामुळे मला वाकून नमस्कारही करता आला नाही. तुमची किल्ली उंबऱ्यावर ठेवलीत. "फ्रीजमधलं वापरा. कीबोर्ड तिचा." आणि जिन्याच्या वळणावरून आजी, तुम्ही विचारलंत, "त्या गवताच्या चहाची कृती?" मी म्हटलं, पाठवते. गाडी गेली.

पुढे टाळेबंदीचे तीन आठवडे आम्ही तुमच्या फ्रीजवर आणि ओट्सवर काढले. सकाळी आठला मी दाराकडे बघायची. लेक आता दहा-अकराची आहे. आरती दोन्ही हातांनी वाजवते. पिवळा टायमर आमच्या ओट्यावर आहे.

कृती इतकी वर्षं पाठवली नाही, कारण पाठवली की तुमचं-माझं काही बाकी राहणार नाही, असं उगीच वाटायचं. आता लिहिते.

दोन कप पाण्यात गवती चहाची सहा-सात पाती कात्रीने कापून टाका. मुळाकडचा पांढरा भाग ठेचून घाला, वास तिथे असतो. बोटाच्या पेराएवढं आलं, ठेचूनच, किसू नका, कडवटपणा येतो. पाण्याचा रंग फिकट हिरवा झाला की एक कप दूध आणि साखर घालून एक उकळी आणा. लगेच गाळू नका, दोन मिनिटं झाकून ठेवा. आजोबांना दीड चमचा साखर लागते, त्यांनी नाही म्हटलं तरी. तुमच्याकडे थंडीत हे गवत टिकायचं नाही, म्हणून कुंडीत लावा आणि बर्फ पडायच्या आत घरात घ्या.

तुमची,
समोरच्या दारातली लेक