साखर रेल्वेने जायची तर मालधक्का पूर्ण लांबीचा हवा

माननीय संपादक,

मिरज-लोंढा मार्गाच्या दुहेरीकरणावर आणि विद्युतीकरणावर मोठा खर्च झाला. तरीही बेळगाव जिल्ह्याच्या उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा पट्ट्यातली बरीच साखर लांबच्या बाजारांत रस्त्यानेच जाते. घोडे अडते ते मालधक्क्यावर, म्हणजे मालगाडीत माल चढवायच्या फलाटावर.

बंदिस्त ४२ वाघिणींच्या (मालडब्यांच्या) रेकमध्ये, म्हणजे एका पूर्ण मालगाडीत, साधारण २,६०० टन माल बसतो, म्हणजे ५० किलोची ५२ हजार पोती. दहाचाकी ट्रकच्या जवळजवळ १४५ खेपा. अंतर ५०० किलोमीटर आणि लिटरला ४ किलोमीटर धरले, तर नुसते जायलाच १८ हजार लिटर डिझेल लागते. दर लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेच्या इंजिनामागची वीज कोळशाची असली तरी रेल्वेचा हिशेब याहून कितीतरी हलका पडतो.

मग कारखाने रेक का घेत नाहीत? रेल्वेने दिलेल्या ९ तासांत रेक भरायचा तर दर चार मिनिटांनी एक ट्रक रिकामा व्हायला हवा. आत-बाहेर जायला एकच वाट, अंधारे आवार, त्यात वळीव आला की हमाल थांबतात, वेळ उलटते आणि डॅमरेज, म्हणजे रेक अडवून ठेवल्याचा दंड, सुरू होतो. धक्का अर्ध्या रेकपुरताच असेल तर रेक तोडून दोनदा लावावा लागतो, वेळ शंटिंगमध्येच (वाघिणी मागे-पुढे हलवण्यातच) जातो. माल आधी आणून थप्प्या लावाव्यात तर वर छप्पर नाही, शिवाय वारफेज, म्हणजे धक्क्यावर माल ठेवल्याचा आकार, पडतो.

खताचे रेक भरून येतात आणि रिकामे परततात. त्यांत साखर भरता येईल. पण युरियाचे कण राहिले तर ते ओल ओढतात आणि पोती खराब होतात. वाघीण झाडून, धुऊन, पूर्ण वाळू द्यावी. मग आत उभे राहून दारे लावावीत आणि कुठून उजेड येतो ते पाहावे. जिथून उजेड, तिथूनच पावसाचे पाणी. घाईत हेच राहून जाते आणि एकदा माल भिजला की व्यापारी पुन्हा ट्रक धरतो.

इथून गोव्याला जाणारी भाजी मात्र ट्रकनेच जावी. इतक्या जवळ दोनदा चढ-उतार परवडत नाही. गोव्याकडे उतरणाऱ्या घाटातल्या तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, ते योग्यच झाले. ते जंगल राहिलेच पाहिजे, आणि चेन्नई-कोलकात्याच्या साखरेला त्या घाटात शिरायचे कारणही नाही.

कुडची ते घटप्रभा दरम्यान ६०० मीटरहून लांब, छपराचा एक तरी धक्का व्हावा. खासगी मालधक्क्यांना वाट देणाऱ्या रेल्वेच्या २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणाखाली कारखान्यांनी एकत्र येऊन तो बांधावा. तोवर २० वाघिणींच्या मिनी रेकची मागणी नोंदवावी. रेल्वेनेही येत्या गळीत हंगामाआधी आहे त्या धक्क्यांवर दिवे, छप्पर आणि दुसरे फाटक द्यावे.

आपला,
मालवाहतूक व्यवसायातील एक वाचक, रायबाग