मदत हवी तर आधार दाखवा?

संपादक महोदय,

थंडी पडली की दिघा-तुर्भ्याकडच्या वस्त्यांत चादरी वाटणाऱ्यांची रीघ लागते. यंदा एका संस्थेच्या तरुण मुलांनी बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे टेबल मांडलं आणि चादरीआधी आधार कार्डाचा फोटो मागितला. रांगेतल्या बायका एकेक करून निसटल्या. बहुतेक जणी पश्चिम बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादच्या, म्हणजे याच देशातल्या. पण बंगाली बोलणारा हल्ली बांगलादेशी ठरायला वेळ लागत नाही, हे त्या जाणून आहेत.

मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. केसपेपरवर उपचाराला लागेल तेवढंच लिहायचं, हा आमचा दंडक. गरोदर बाईला कितवा महिना, आधीचं बाळंतपण कसं झालं, घरी करणारं कोण आहे, एवढं विचारायचं. ती कुठली सीमा ओलांडून आली हे विचारून तिचं हिमोग्लोबिन वाढत नाही. मुकादमाला दुभाषा म्हणून आत घ्यायचं नाही, हा माझा आणखी एक हट्ट. मजुरी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर ती पोटावर बसलेली लाथ सांगेल होय?

भारताने निर्वासितांविषयीचा 1951 चा करार स्वीकारलेला नाही, आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. कोण परका हे सरकारने कायद्याने जरूर ठरवावं. पण जगण्याचा हक्क देणारं घटनेचं 21वं कलम फक्त नागरिकांपुरतं नाही. शिक्षण हक्क कायदासुद्धा वयाचा दाखला नाही म्हणून पोराला शाळेतून परत पाठवू देत नाही. मग चादरीला आधार कशाला? ‘देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो,’ असं उत्तर मिळालं. हिशेबाला दुकानाचं बिल पुरतं की! ते फोटो आता कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, तिथून कुठे जातील देव जाणे.

आपल्याच जिल्ह्यात फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित उतरले, 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. तेव्हा नाव नोंदवलं की रेशनची, छपराची आशा असे. आज वहीत नाव चढलं की माणूस खोली बदलतो, आणि पोराची लस राहून जाते.

त्या मुलांना माझं सांगणं एवढंच, की जमवलेले फोटो पुसून टाका. पुढच्या वेळी नाव खरंच लागणार असेल, तर ते कशासाठी आणि कोण बघणार, हे त्या बाईला तिच्या भाषेत आधी सांगा. पोलीस रीतसर आदेश घेऊन आले तर वही दाखवावी लागेल, हेही तेव्हाच सांगा. मग नाव द्यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

– एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक, ऐरोली, नवी मुंबई