ताई, त्या दुसऱ्या दिवशीच्या फोनबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतंच ताई. टोकियोतल्या आपल्या निशिकासाईत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही 'अगं, त्यात काय एवढं' म्हणून चहा टाकायला उठता. म्हणून हे जाहीर पत्र. चारचौघांत आभार मानले की तुम्हाला स्वयंपाकघरात पळता येणार नाही.

माझी लेक इथल्या जपानी शाळेत पाचवीत आहे. मुलं दुपारी वर्गातच जेवतात आणि जेवताना स्पीकरवर गाणी लागतात, तीही पाचवी-सहावीची मुलंच लावतात. गाणं लागलं की वर्ग गुणगुणायला लागतो आणि आमची लेक दुधाच्या पाकिटावरची अक्षरं वाचत बसायची. हे मला फार उशिरा कळलं. एका मुलीनं तिला विचारलं, तुझं आवडतं गाणं कोणतं, तर म्हणाली, मला गाणी आवडत नाहीत. पुण्यात गणपतीच्या दहाही दिवसांत स्टेजवरून खाली न उतरणारी ही मुलगी! जपानी तिला बऱ्यापैकी बोलता येत होतं. मैत्रिणींशी बोलायचं कशाबद्दल, तिथं गाडं अडत होतं.

तुमच्या आधी मी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते सांगते, राग अजून गेलेला नाही. एका ऑनलाइन क्लासला रग्गड फी भरली होती. तिथल्या बाईंना म्हटलं, शाळेतली मुलं काय ऐकतात तेवढं सांगाल का? त्यांचं उत्तर, 'गाण्यांचा टाइमपास नंतर, आधी क्रियापदं पक्की करा.' एका परिचितांनी शंभर गाण्यांची यादी फॉरवर्ड केली, वर अंगठ्याची खूण. त्यातलं एक तरी त्यांनी स्वतः ऐकलं होतं का, हे मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं. तिसरे एक गृहस्थ, 'लहान आहे हो, आपोआप शिकेल.' या 'आपोआप'वाल्यांना एकदा पाचवीच्या वर्गात डबा खायला बसवलं पाहिजे.

तुमच्याशी तर माझी धड ओळखही नव्हती. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर चपला शोधताना मी कुणाकडे तरी रडगाणं गात होते, ते तुम्ही ऐकलंत. 'माझी दोन्ही मुलं याच शाळांमधून गेलीत. मी लिहून देते,' म्हणालात. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही खरंच लिहून दिलंत.

तो कागद माझ्यासमोर आहे. मुलं कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, गिरवतात त्या वहीचं पान, मोठ्या चौकटींचं. गाण्याचं नाव जपानीत, डोक्यावर उच्चार सांगणारी बारीक हिरागाना अक्षरं लेकीसाठी आणि खाली देवनागरी माझ्यासाठी. शेजारी तुमचे शेरे. 'पापुरिका'पुढे लिहिलंय, 'नाच आधी शिकव, शब्द मागून येतील.' केन्शी योनेझुनं लिहिलेलं, 2018 साली फूरिन या पाच मुलांच्या गटानं गायलेलं हे गाणं, पुढच्या वर्षी त्याला जपान रेकॉर्ड अवॉर्डचं सर्वोच्च बक्षीसही मिळालं. आमच्या दिवाणखान्यात आठवडाभर खालच्या मजल्यावरच्यांची माफी मागत तो नाच झाला.

'तेगामी'पुढे लिहिलंय, 'आत्ता ऐक, पंधराव्या वर्षी कळेल.' अँजेला आकीचं गाणं, पंधरा वर्षांचं मूल मोठेपणीच्या स्वतःला पत्र लिहितं आणि मोठं झालेलं माणूस उत्तर देतं. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शालेय समूहगान स्पर्धेत माध्यमिक शाळांना जे एकच गाणं सगळ्यांनी गायचं म्हणून देतात, ते 2008 साली हे होतं. पुढच्या वर्षी इकिमोनोगाकारी या पॉप गटाचं 'येल'. आवडत्या पॉप गायकांची गाणी शाळेच्या समूहगानात जातात आणि मग वर्षानुवर्षं निरोप समारंभांत गायली जातात, हे मला कुठल्या क्लासनं सांगितलं असतं?

जुनी गाणीही घातलीत. क्यू साकामोतोचं 1961 सालचं 'उए ओ मुइते आरुको', जे दोन वर्षांनी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि तेही जपानीतच. शेरा, 'हे शिक्षकांशी बोलायला.' स्मॅप या गटाचं 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना', शेरा, 'हे कुठल्याही आजीशी बोलायला.' आदो या गायिकेच्या 'उस्सेए वा'पुढे (म्हणजे साधारण 'कटकट नको, गप्प बसा'), 'आई ओरडेल. तरी ऐकू दे. गाणारी तेव्हा अठराचीही नव्हती.' ताई, आई ओरडली. अभ्यासाला बस म्हटलं की उत्तरादाखल अजून तेच गाणं येतं. याबद्दलचे आभार राखून ठेवते.

पण हे पत्र मी कागदासाठी लिहीत नाहीये. कागद दिल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री तुमचा फोन आला, त्यासाठी लिहितेय.

मी भांडी आवरत होते. तुम्ही थेट मुद्द्यावर आलात. 'मधे एक गाणं लिहिलंय बघ, योआसोबीचं, योरु नि काकेरु. काल लिहिताना हात पटकन चालला. आज पुन्हा शब्द वाचले. ते तू सध्या आपणहून लावून देऊ नकोस.' मी म्हटलं, अहो, ते तर दुकानादुकानांत वाजतं, चाल किती आनंदी आहे. तुम्ही म्हणालात, 'चाल आनंदीच आहे, म्हणून तर सांगतेय.' मग सांगितलंत की ते एका लघुकथेवरून केलेलं आहे, आणि ती कथा आत्महत्येची आहे.

गाणं वाईट नाही, हेही तुम्ही लगेच म्हणालात. बंदी घालू नको, ती कुठेतरी ऐकणारच. 'आज तिला नुसती चाल ऐकू येईल. पण जपानी जसजसं सुधारेल तसतसे शब्द उलगडत जातील. त्या दिवशी ती एकटी असू नये, एवढंच. विचारलं तर सरळ सांग, गडबडू नकोस.' आणि त्या जागी त्याच योआसोबीचं 'त्सुबामे' लिहून घ्यायला लावलंत. 2021 साली एनएचकेच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी केलेलं, एका छोट्या पाकोळीचं गाणं, सोबत मुलांचा गट गातो. 'तोच आवाज आहे, मैत्रिणींत मागे पडणार नाही.'

फोन ठेवला आणि मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. दिवसभर ऑफिस, घर, सासूबाईंचं औषधपाणी, हे सगळं तुमच्यामागे आहे हे मला नंतर कळलं. त्यातून वेळ काढून तुम्ही परक्या पोरीसाठी दिलेली यादी पुन्हा तपासलीत, शब्द वाचलेत, आणि खटकलं तेव्हा 'जाऊ दे, कोण एवढं बघतंय' असं म्हटलं नाहीत. ते गाणं यादीत राहिलं असतं तरी तुम्हाला कुणी बोल लावला नसता. मला तर कळलंही नसतं.

मदत करणारी माणसं नाहीत असं मी म्हणणार नाही, परदेशात तर हाकेला धावणारे खूप भेटले. पण मदत करून झाल्यावर, आभार घेऊन झाल्यावर, घरी जाऊन आपण दिलं ते बरोबर होतं ना याचा पुन्हा विचार करणारं माणूस विरळा. ते शंभर गाण्यांवाले अंगठा दाखवून मोकळे झाले. क्लासवाल्या बाईंना फी पोचली. हल्ली सल्ला देणं इतकं स्वस्त झालंय की दिलेला सल्ला कुणी परत मागे घेत नाही, आणि घेतलाच तर त्यात कमीपणा वाटतो. तुम्हाला वाटला नाही. शिवाय माझ्या लेकीला तुम्ही काचेचं भांडंही समजला नाहीत. हे ऐक, हे जरा थांबून ऐक, हे आईबरोबर ऐक, एवढा साधा हिशेब. मुलांना काय ऐकू द्यावं यावर आमच्या ग्रुपात नेहमी दोनच पक्ष असतात, एक सगळ्याला नको म्हणणारा आणि एक काहीही चालेल म्हणणारा. दोघांनाही गाण्याचे शब्द वाचायचे नसतात.

आता खुशाली. लेक अजून बुजरीच आहे, एका यादीनं कुणी बदलत नाही. पण जेवणाच्या वेळी ओठ हलतात असं तिच्या वर्गशिक्षिकेनं मला थांबवून सांगितलं. एक मैत्रीण झालीय, तिला वाऊंडी हा गायक आवडतो आणि आमच्या घरी आता त्याच्यावरून वाद होतात. किरोरोचं 'मिराई ए' तुम्ही कागदाच्या अगदी तळाशी लिहिलंय, शेरा न लिहिता. ओकिनावाच्या त्या दोघींनी आईबद्दल काय म्हटलंय ते मी शब्दकोश घेऊन बसून वाचलं. शेरा का नव्हता ते कळलं, पुढचं तुम्हाला सांगत नाही.

इथल्या आणखी दोन आयांनी कागदाचा फोटो मागितला. तुम्हाला न विचारता दिला, रागावू नका. पण नुसता पाठवला नाही. दोघींना फोन केला, मधल्या गाण्याबद्दल सगळं सांगितलं, आणि 'त्सुबामे' त्यांच्याकडूनही लिहून घेतलं. त्यातल्या एकीचा मुलगा आठवीत आहे. त्याच्यासाठी वेगळी यादी लागेल म्हणते. तिला तुमचा नंबर देऊ का?

तुमची,
पाचवीतल्या बुजऱ्या मुलीची आई