शिकायचे उंच खाटेवर, राबायचे पडवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकणात एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘रुग्ण सहायक बना’ असे सांगणारी पत्रके दिसू लागतात. गरज खरी आहे. 2001 ते 2011 या दशकात राज्यातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, त्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. 2011च्या जनगणनेत रत्नागिरीत दर 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कर्ती माणसे मुंबईला, म्हाताऱ्या आया गावाला, असा त्याचा साधा अर्थ. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येऊन जातात. एरवी घरात सत्तरी-ऐंशीची दोन माणसे असतात आणि त्यांतले एक अंथरुणाला खिळले की दुसऱ्याच्याने त्याची शुश्रूषा होत नाही. या कामाला गावातलीच शिकलेली मुलगी किंवा मुलगा मिळाला, तर दोन्ही घरांचे भले आहे. आमचे म्हणणे शिकवण्याच्या जागेबद्दल आहे.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये कळ फिरवून वर-खाली होणारी लोखंडी खाट असते, तिच्यावर रबरी पुतळा असतो आणि चारही बाजूंना फिरायला जागा असते. मुले तीन-चार महिने तिथे शिकतात. मग कामावर गेल्यावर समोर येतो तो भिंतीला लावलेला, गुडघ्याइतका उंच लाकडी पलंग. त्याच्याकडे एकाच बाजूने जाता येते. मधे उंच उंबरठा आणि संडास मागच्या अंगणापलीकडे. पुतळा ना घाबरत, ना कण्हत, ना गळ्यात हात टाकून लोंबकळत. पहिल्या पंधरवड्यात पाठ धरते आणि मूल काम सोडते. मग ‘हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत’ असे म्हणायला सगळे मोकळे.

खाटेच्या उंचीचेच घ्या. पूर्ण अंथरुणावर असलेल्या माणसाचे अंग पुसायचे, कपडे बदलायचे, तर गादी शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेशी यायला हवी. त्यासाठी पायांखाली खोबण कोरलेले लाकडी ठोकळे घालावेत. नुसते चिरे लावले तर कूस बदलताना पाय घसरून पलंग कलतो. पण तोच माणूस आधाराने उठू लागला की ठोकळे काढायचे, कारण आता काठावर बसल्यावर त्याची पावले जमिनीला सपाट टेकली पाहिजेत. उंची कधी बदलायची, हे हॉलमधल्या कळीच्या खाटेवर शिकून कळत नाही.

उठवण्याचेही तसेच. अंगावरून वारे गेलेल्या माणसाला उठवताना खुर्ची त्याच्या धडधाकट बाजूला, पलंगाशी तिरकी ठेवायची. चाकाची खुर्ची असेल तर दोन्ही ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर करायच्या. घरात बहुधा प्लॅस्टिकची खुर्ची असते आणि ती गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला टेकलेली हवी. रुग्णाला आधी काठावर दोन-तीन मिनिटे बसू द्यायचे. झोपल्या जागेवरून एकदम उभे केले की रक्तदाब उतरून भोवळ येते. मग त्याच्या कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेला पंचा, आपले गुडघे वाकलेले, पाठ सरळ, ‘एक-दोन-तीन’ म्हणून त्याला पुढे झुकवत उभे करायचे आणि पावले टाकत वळवायचे. काखेत हात घालून ओढायचे नाही. लुळ्या बाजूचा खांदा असाच निखळतो, आणि तो दुखू लागला की पुढचा व्यायामही थांबतो.

खरी परीक्षा असते ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून अंगाला होणाऱ्या जखमांची. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना पाठ असते. कशी, ते विचारले की गाडी अडते. सरळ नव्वद अंशांवर कुशीला केले तर सगळा भार कुल्ह्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून तीसेक अंशच कलवायचे. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. वर सरकवताना फरफटत न्यायचे नाही. जुने सुती लुगडे चौपदरी करून कमरेखाली अंथरावे आणि दोघांनी दोन्हीकडून धरून उचलावे. लुगड्यासकट ओढले तर माकडहाडावरची कातडी आतून फाटते आणि वरून दोन दिवस काहीच दिसत नाही. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडला नाही, तर तिथे इजा सुरू झाली आहे असे समजावे. सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताने चाचपून पाहायचे: आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा दबदबीत लागते का. अशा जागेवर खोबरेल चोळण्याची आपल्याकडे फार हौस. चोळल्याने आतली इजा वाढते. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

विजेच्या पंपाने फुगणारी हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलायला नको, असा समज घरोघर आहे. तो चुकीचा, आणि कोकणात तर दुप्पट चुकीचा. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप बंद पडला की हवेची गादी एक तर तशीच फुगून राहते, नाही तर बसते आणि माणूस फळीवर येतो. खाली चार इंचांचा फोम हवाच आणि वीज गेली की कूस बदलण्याचे घड्याळ अधिक काटेकोर पाळायला हवे. 22 जुलै 2021ला चिपळुणात पाणी भरले, तेव्हा तळमजल्यावरच्या अंथरुणातल्या माणसाला माळ्यावर कसे न्यायचे हा प्रश्न पुस्तकातला राहिला नव्हता. चादरीची झोळी, चौघांची जागा, जिन्यात डोके कोणत्या बाजूला, हा सराव एका सकाळचे काम आहे.

आता पेज. आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न, आणि गिळण्याचा त्रास असलेल्याला तीच अडचणीची. निवळ पाणी आणि वेगळा दाणा एका घोटात आले की जीभ दाणा सांभाळते तोवर पाणी श्वासनलिकेत उतरते. पेज मिक्सरमधून काढून चमच्यावर टिकेल इतकी घट्ट करावी किंवा गुरगुट्या भात घोटून द्यावा. किती घट्ट, ते डॉक्टरांना किंवा गिळण्याच्या तज्ज्ञाला विचारून ठरवायचे. माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आधीचा घास गिळल्याची खात्री करून पुढचा, आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करायचे नाही. खोकला आला तर लगेच कळते. न खोकताही अन्न फुफ्फुसात जाते, हे मात्र शिकवावे लागते. जेवताना आवाज ओलसर, घरघरता झाला तर तिथेच थांबायचे.

लघवीच्या पिशवीबद्दल थोडक्यात. ती मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता. नळी अंगाखाली दबलेली नसावी. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करून आकडा लिहायचा. हा लिहिण्याचा भाग सर्वांत कच्चा राहतो. साध्या दोनशेपानी वहीत वेळ, पाणी-खाणे, लघवी, शौच, कूस, औषध असे रकाने आखावेत आणि रोज रात्री त्या पानाचा फोटो मुंबईतल्या लेकीला पाठवावा. अंथरुणातल्या आईचा व्हिडिओ पाठवायची गरज नाही. तिला लाज असते.

काय करायचे नाही, हेही अभ्यासक्रमात ठळक हवे. ‘तुका सलाईन लावूक येता मा?’ हा प्रश्न वाडीत पहिल्या आठवड्यात येतोच. सलाईन, इंजेक्शन, इन्शुलिनची मात्रा बदलणे हे सहायकाचे काम नाही. रक्तातली साखर 70च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे काम आहे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता कुशीवर वळवून 108 लावायचा, हेही काम आहे.

मुलग्यांनी या वर्गात यावे म्हणून कोणी प्रयत्न करताना दिसत नाही. सत्तर किलोच्या आजोबांना उचलायला तर ते हवेतच, आणि अनेक पुरुषांना आंघोळ घालायला पुरुषच हवा असतो. शी-शू साफ करण्याची शिसारी सर्वांनाच येते, मुलींनाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात वृद्धाश्रमात किंवा वॉर्डात प्रत्यक्ष काम दाखवावे. ज्याला झेपणार नाही तो फी भरून तीन महिने घालवण्याआधी उठून जाईल.

कामाच्या अटींचा कागद हा शेवटचा धडा असतो, तो पहिला हवा. बारा तास की चोवीस, रात्री सलग झोप किती, सुट्टी कोणती, जेवण कोणाचे, आणि गुरांचे शेण काढणे व पाहुण्यांचा स्वयंपाक यात येत नाही हे लिहिलेले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा घरकामालाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे परक्या घरात रात्र काढणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला प्रमाणपत्राआधी माहीत असावे.

‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा अभ्यासक्रम मुख्यतः रुग्णालयातल्या कामासाठी आहे, घरातल्या कामासाठी ‘होम हेल्थ एड’ वेगळा आहे. पालकांनी पत्रकावर हा फरक बघावा. व्यवसाय शिक्षण चालवणाऱ्या महाविद्यालयांना आणि आयटीआयना आमची विनंती अशी की एकूण तासांपैकी किमान एक तृतीयांश तास गावातल्या घरांत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, घरच्यांच्या आणि रुग्णाच्या संमतीने द्यावेत. कागदी गुणांबरोबर उठवणे, कूस बदलणे, भरवणे या कृती परीक्षकासमोर जिवंत माणसावर करून दाखवायला लावाव्यात. आणि घरांतले हे तास जुलै-ऑगस्टमध्ये ठेवावेत. पायऱ्यांवर शेवाळ, दिवसाआड गेलेली वीज, न वाळणाऱ्या चादरी आणि न्हाणीघरापर्यंत छत्री धरून न्यायचा म्हातारा माणूस हे सगळे तेव्हाच एकत्र भेटते. डिसेंबरच्या उन्हात नाही.

आपले,
शुश्रूषा प्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक,
जि. रत्नागिरी